खानदेशी कथेतली हाव : पार्श्वभूमी

खानदेशातल्या ग्रामीण कथेत हाव आली की पाठोपाठ सावकार येतोच. हा सावकार कापसाच्या तेजीतून आला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस अडला, इकडचे भाव चढले. त्याच दशकात भुसावळवरून रेल्वेही सुरू झाली. चढ्या भावाच्या भरवशावर कर्जं उचलली गेली. युद्ध संपलं, भाव कोसळले, व्याज मात्र चालू राहिलं. कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ साली कायदा झाला, तोही आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगरपुरताच. खानदेश बाहेरच.

लोककथेतल्या लोभ्याला शेवटी अद्दल घडते. सावकाराच्या कथेत बहुतेकदा घडत नाही, कारण कागद त्याच्या बाजूने असतो. हा कागद म्हणजे मुदतखरेदी. घ्यायचं कर्ज, पण दस्त करायचा जमीन विकल्याचा; मुदतीत पैसे फेडले की जमीन परत फिरवून मिळेल, असं ठरलेलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या १९२९ च्या दुरुस्तीनंतर ही अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही, असं झालं. वेगवेगळ्या कागदांवरून चालणारे वाद मिटावेत म्हणून हा नियम आला खरा, पण तोंडी शब्दावर अंगठा उठवणारा त्यात उघडा पडला. 'मी ती विकत घेतलीय' असं सावकार म्हणतो, तेव्हा कायद्याच्या हिशेबाने तो खोटं बोलत नसतो. कथालेखकाला याहून चांगला पेच कुठे मिळणार?

तरी लेखक तो अर्धाच वापरतात. त्या दस्ताला साक्षीदार असतात, दस्त लिहिणारा असतो, भावाच्या अडचणीवर डोळा ठेवून बसलेला चुलताही असतो. सगळी हाव सावकाराच्या माथी मारली की गाव सुटतं. अशा कथा मला तिथेच लंगड्या वाटतात.

१९७० नंतर खानदेशातल्याच शहादा-तळोद्यात आदिवासींच्या जमिनींचा लढा पेटला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. लोभी माणूस आता गादीवर बसलेला नव्हता, शेजारच्या बांधावरचा बागायतदार होता.

पुढे तो घरातच शिरला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा दिला, आणि महामार्गाच्या मोबदल्याने त्या वाट्याला किंमत आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीची हक्कसोडीवर सही घेणारा भाऊ कथेत आणला, तर सावकाराची गरजच उरत नाही.