नाइट व्हिजनच्या पिढ्या : एका मोजपट्टीची पार्श्वभूमी

‘नाइट व्हिजन’ या एकाच नावाखाली मुंबईत तीन निरनिराळी साधने विकली जातात. सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा स्वतःच अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश टाकतो आणि परत आलेला प्रकाश टिपतो. जवानाच्या शिरस्त्राणावरची दुर्बीण चांदण्यांचा तुटपुंजा उजेड हजारो पटींनी वाढवते. थर्मल कॅमेऱ्याला मात्र उजेड लागतच नाही, तो वस्तूंच्या उष्णतेतील फरक दाखवतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर अंधार पडल्यावर कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ होडीतून उतरले. तेव्हापासून सागरी गस्तीची चर्चा निघाली की या तिन्हींची सरमिसळ होते आणि एकाची मर्यादा दुसऱ्याच्या माथी मारली जाते.

स्वतःचा प्रकाश टाकण्याची पद्धत सर्वांत जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन आणि अमेरिकी सैनिकांच्या काही बंदुकांवर अवरक्त दिवे व त्यांना जुळणाऱ्या दुर्बिणी बसवण्यात आल्या होत्या. शत्रूकडेही तशीच दुर्बीण असली, तर दिवा लावणाराच आधी टिपला जाई. फाटकावरचा कॅमेरा याच तत्त्वावर चालतो, आणि मुसळधार पावसात त्याचे चित्र पांढरे पडते ते त्याचाच प्रकाश जवळच्या थेंबांवरून उलटून येतो म्हणून.

दिव्याशिवाय, आहे त्या उजेडावर चालणाऱ्या दुर्बिणी व्हिएतनाम युद्धात मोठ्या प्रमाणावर आल्या. त्यांत उजेड वाढवणाऱ्या तीन नळ्या एकापुढे एक जोडलेल्या असत आणि ढगाळ रात्री त्या फारशा उपयोगी पडत नसत. अशी साधने तेव्हा सर्वत्र पोहोचलेली नव्हती. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या चौकीवर रात्री रणगाडे चालून आले, तेव्हा जैसलमेरच्या हंटर विमानांकडे रात्रीच्या हल्ल्याची साधने नसल्यामुळे त्यांना उजाडण्याची वाट पाहावी लागली.

१९७० च्या दशकात आलेली सूक्ष्म छिद्रांची काचेची चकती हा खरा टप्पा होता. नळीच्या तोंडाशी असलेल्या प्रकाशसंवेदी थरावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात. ते या चकतीच्या लक्षावधी तिरप्या छिद्रांतून जाताना भिंतींवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि शेवटी इलेक्ट्रॉन आदळताच चमकणाऱ्या पडद्यावर हिरवे चित्र उमटवतात. पुढच्या दशकात संवेदी थरासाठी गॅलियम आर्सेनाइड वापरले जाऊ लागले. डोळ्याला न दिसणाऱ्या पण चांदण्यांत विपुल असणाऱ्या निकट-अवरक्त प्रकाशाला ते अधिक दाद देते. मात्र चकतीतून उलट येणारे धन आयन (धनभारित कण) त्याला खराब करतात, म्हणून चकतीवर अत्यंत पातळ संरक्षक पापुद्रा चढवावा लागला. हा पापुद्रा आयनांबरोबर बरेचसे उपयुक्त इलेक्ट्रॉनही अडवतो, आणि पुढचा सगळा वाद त्यातून उभा राहिला.

पहिली (तीन जोडनळ्यांची), दुसरी (चकतीची), तिसरी (गॅलियम आर्सेनाइडची) या ‘पिढ्या’ अमेरिकी लष्कराच्या खरेदीच्या भाषेतून आलेल्या आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पापुद्रा काढून टाकलेली नळी तयार झाली आणि तिला ‘चौथी पिढी’ म्हटले जाऊ लागले. ती काळोखात अधिक स्वच्छ दाखवीत होती, पण टिकाऊपणाच्या कसोटीला उतरली नाही, आणि लष्कराने ते नाव मागे घेऊन पातळ पापुद्र्याच्या नळ्यांनाही तिसऱ्या पिढीतच ठेवले. जाहिरातींतून मात्र ‘चौथी पिढी’ आजही गेलेली नाही. दुसरीकडे युरोपीय उत्पादकांनी जुन्याच प्रकारचा, आयनांना न जुमानणारा संवेदी थर सुधारत नेला. त्यांच्या नळ्या नावाने दुसऱ्या पिढीच्या असल्या, तरी त्यांतील उत्तम नळ्या तिसऱ्या पिढीच्या साधारण नळ्यांना सहज मागे टाकतात.

या गोंधळामुळे २००१ मध्ये अमेरिकी सरकारने निर्यातीसाठी पिढीचा निकष सोडला आणि गुणांक आणला. नळी एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या किती जोड्या वेगळ्या दाखवते, त्या आकड्याला संकेत (खरे चित्र) आणि खरखर (चित्रातले निरर्थक ठिपके) यांच्या गुणोत्तराने गुणायचे. येणारी संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की नळी बाहेर पाठवण्यावर निर्बंध. निर्णय पूर्वीपेक्षा प्रामाणिक होता, पण पुरेसा नव्हता. रेषाजोड्या ६४ आणि गुणोत्तर २५ असले तरी गुणाकार १६००, आणि रेषाजोड्या ५० व गुणोत्तर ३२ असले तरी १६००च. यांतील पहिली नळी चांदण्यात बारकावे दाखवील, तर दुसरी काळ्याकुट्ट रात्री उपयोगी पडेल. गस्तीवरच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. एकाच आकड्यावर निर्बंध घालणाऱ्याने तो पुसून टाकला. खरेदीदारही पुढे तोच एक आकडा विचारू लागले, हा त्या निर्णयाचा अधिक वाईट परिणाम म्हणावा लागेल.

कोणत्याही पिढीच्या दुर्बिणीला काही अडचणी चुकत नाहीत. दृष्टीचे क्षेत्र साधारण ४० अंशांचे राहते, अंतराचा अंदाज चुकतो आणि दिव्यांभोवती प्रभामंडळ येऊन शेजारचे काही दिसत नाही. संवेदी थराचा वीजपुरवठा क्षणाक्षणाला खंडित करणारी व्यवस्था आल्यापासून शहरी उजेडात या दुर्बिणी वापरता येतात खऱ्या, पण बंदराच्या झगझगाटातून काळ्या पाण्याकडे पाहताना त्यांचा फायदा बराच घटतो. तेथे थर्मल कॅमेरा सरस ठरतो, तोही सदासर्वकाळ नव्हे. दमट हवेतील बाष्प ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यातील उष्णताकिरण शोषते, त्यामुळे सागरी कामासाठी ३ ते ५ मायक्रॉनचे, थंड ठेवावे लागणारे आणि म्हणून महागडे कॅमेरे पसंत केले जातात. पावसाळ्यात होडी, खडक आणि पाणी यांचे तापमान जवळ आले की चित्र सपाट होते. शिवाय साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे बंद खिडकीतून या कॅमेऱ्याला बाहेरचे काही दिसत नाही.

अलीकडे शहराच्या दिव्यांनीच नवा प्रश्न निर्माण केला आहे. मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे २०१५ मध्ये पांढऱ्या एलईडीने बदलले गेले, तेव्हा वाद झाला तो रंगावरून. सोडियमचे दिवे निकट-अवरक्त प्रकाशही भरपूर देतात, पांढरे एलईडी जवळजवळ देतच नाहीत, ही बाब त्या वादात कोठे आली नाही. उंच इमारतींच्या माथ्यावरील लाल इशारादिव्यांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. वैमानिकांच्या दुर्बिणींत कॉकपिटमधील दिव्यांचा त्रास होऊ नये म्हणून ठरावीक तरंगलांबीखालचा प्रकाश गाळलेला असतो आणि लाल एलईडीचा प्रकाश नेमका त्या गाळलेल्या भागात पडतो. उघड्या डोळ्यांना लखलखीत दिसणारा दिवा दुर्बिणीतून दिसत नाही, असा इशारा अमेरिकेतील हवाई सुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये दिला होता, आणि पुढे अशा दिव्यांत अवरक्त प्रकाश देणारे वेगळे घटक बसवण्याचे निकष तेथे तयार झाले.