अपुऱ्या दिवसांचं बाळ, ऑक्सिजन आणि रेटिना

बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ साली एक नवाच आजार नोंदवला: अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे साचलेला पांढरा पडदा. आज ज्याला आरओपी (रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रेटिनाचा आजार) म्हणतात, त्याची ही शेवटची अवस्था. तो जास्त दिसे तो सुसज्ज रुग्णालयांत, जिथे काचपेटीत ऑक्सिजन सढळ हाताने सोडत. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी संशय ऑक्सिजनवर घेतला आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या चाचणीत तो खरा ठरला. तोवर सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती.

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा. तिच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात. कानाकडच्या कडेला पोचायला चाळिसावा आठवडा उजाडतो. मधेच जन्मलेल्या बाळाला जादा ऑक्सिजन मिळाला की ही वाढ थांबते. मग ऑक्सिजनला उपाशी राहिलेली रेटिना व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडते, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि ओढ बसून रेटिना सुटते.

यावर उपाय म्हणून ऑक्सिजनवर घातलेली ४० टक्क्यांची मर्यादा दुसऱ्या टोकाला गेली. पेटीतल्या हवेचा आकडा धरला, बाळाच्या रक्तातला मोजायची सोयच नव्हती. त्यात अनेक बाळं दगावली. पल्स ऑक्सिमीटर आल्यानंतरही पेच उरलाच. २०१० च्या सपोर्ट चाचणीत ८५-८९ टक्के संपृक्ततेत (रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात) आरओपी घटला, पण ९१-९५ च्या तुलनेत मृत्यू वाढले.

उपचारांत १९८८ मध्ये क्रायोने (रेटिनाची कड गोठवण्याच्या उपचाराने) वाईट परिणाम जवळपास निम्म्यावर आणले, पुढे लेझर आला. २०११ पासून व्हीईजीएफला रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबच्या इंजेक्शनचाही पर्याय आहे, मात्र त्यानंतर आजार उशिरा उलटू शकतो, म्हणून तपासण्या लांबतात.

कोणत्या बाळाचे डोळे तपासायचे यासाठीचा अमेरिकेचा १५०० ग्रॅम जन्मवजनाचा निकष आपल्याकडे लावणं चूकच. ब्लेंडरविना (ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणाऱ्या यंत्राविना) शुद्ध ऑक्सिजन मिळालेल्या वजनदार बाळांनाही इथे आरओपी होतो. म्हणून भारतात २००० ग्रॅमखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या प्रत्येक बाळाची रेटिना जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायची. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमखालच्या बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. उपचार ठरला की तो ४८ ते ७२ तासांत व्हावा. घोळ होतो तो डिस्चार्जला: बाळ आधीच घरी जातं, कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख नसते आणि बाहेरून डोळा अगदी ठणठणीत दिसतो. बाहुली पांढरी दिसेपर्यंत पाचवी, म्हणजे शेवटची अवस्था आलेली असते. तेव्हा शस्त्रक्रियेनेही फारशी नजर मिळत नाही.