कच्ची बिअर की नासलेली बिअर? सिंकमधे ओतायच्या आधी हे बघा

आम्ही इंग्लंडात राहतो, इथे 1963 पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन्स लागत नाही. (महाराष्ट्रात लागतं, तेव्हा हे वाचून तिकडे भांडी चढवू नका.) माझी पहिली 20 लिटरची बॅच बाटल्यांत भरली, आठव्या दिवशी एक उघडली तर हिरव्या सफरचंदाचा वास, फेस नावालाच आणि तळाशी गाळ, म्हटलं गेली कामातनं, आणि एकेक करत अकरा बाटल्या सिंकमधे ओतल्या. मग कंटाळा आला म्हणून बाकीच्या जिन्याखाली सरकवल्या. महिन्याने त्यातलीच एक उघडली तर मस्त बिअर. त्या अकरांचं दुःख अजून आहे.

आपल्याकडे लोणचं न मुरणं वेगळं आणि लोणच्याला बुरशी येणं वेगळं, हे शेंबडं पोरही सांगेल, पण बिअरच्या बाबतीत नवखा माणूस हमखास घोळ घालतो कारण पहिल्या घोटाला दोन्ही वाईटच लागतात.

बाटली भरताना आपण लिटरला साधारण 6 ग्रॅम साखर घालतो, ती खाऊन यीस्ट गॅस तयार करतं, म्हणजे बाटलीत छोटंसं फर्मेंटेशन परत चालू होतं. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, तोच तो सफरचंदाचा वास, आणि थोडं डायअसिटिल, म्हणजे लोण्यासारखी, बटर पॉपकॉर्नसारखी चव. हे दोन्ही यीस्टच नंतर परत गिळून टाकतं, फक्त त्याला ऊब हवी, 18 ते 21 डिग्री, आणि दोन-तीन आठवडे. माझ्या गॅरेजमधे जानेवारीत 8 डिग्री असतं, तिथे यीस्ट गोधडी घेऊन झोपतं. फ्रीजमधे घाईने ठेवलेल्या बाटलीचंही तेच, कच्ची ती कच्चीच राहते. गाळाला तर अजिबात घाबरू नका, ते खाली बसलेलं यीस्ट आहे, ग्लासात ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवायचा.

नासलेलीचं वेगळं. तिथे लॅक्टोबॅसिलससारखे बॅक्टेरिया नाहीतर जंगली यीस्ट घुसलेलं असतं आणि ते थांबत नाही. आंबटपणा दर आठवड्याला वाढतो, बाटलीच्या मानेत आत चिकट कडं दिसतं, झाकण काढलं की निम्मी बिअर छताला. लोण्याच्या चवीवरून मात्र फसायला होतं, कारण पेडिओकॉकस नावाचा बॅक्टेरियाही डायअसिटिल करतो. म्हणून एका बाटलीवरून निकाल द्यायचा नाही. आज एक चाखा, दोन शब्द कुठेतरी लिहून ठेवा, उरलेल्या उबेत ठेवून दहा दिवसांनी दुसरी उघडा. सफरचंद, लोणी कमी झालं तर कच्ची होती, वाढलं किंवा त्यात व्हिनेगरचा वास मिसळला तर खुशाल सिंकमधे ओता.

ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर ती यातली कुठलीच नाही, भरताना हवा लागलीय, आणि ती कितीही ठेवली तरी सुधारत नाही. आणि मुरवायची म्हणजे सगळ्याच मुरवायच्या असंही नाही, स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) सहा महिन्यांनी गोलाईला येते पण आयपीएचा, म्हणजे हॉप्स जास्त घातलेल्या बिअरचा, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास तोवर उडून जातो, ती गॅस धरला की संपवावी.

आता मी प्रत्येक बॅचमधे एक बाटली प्लास्टिकची भरतो, सोड्याची असते ना तशीच. दाबून बघायची, दगडासारखी घट्ट झाली की गॅस आला. चव मात्र त्याच्या मागून येते, माझ्याकडे साधारण दोन आठवडे मागून. आणि ती प्लास्टिकची बाटली बुडाला फुगून डुगडुगायला लागली तर काचेच्या बाटल्या आधी फ्रीजमधे टाका, मगच एकेक उघडा, चेहरा लांब ठेवून.