फील्ड्स पदक: उरलेल्या पैशांची आणि जुन्या वैराची गोष्ट

‘गणिताचं नोबेल’ म्हणून फील्ड्स पदकाची ओळख करून दिली जाते. पण ते ज्या संघातर्फे दिलं जातं, त्याची सुरुवात मुळीच थोर नव्हती. आंतरराष्ट्रीय गणित संघ १९२० साली स्ट्रासबुर्गमध्ये स्थापन झाला. हे शहर महायुद्धानंतर नुकतंच जर्मनीकडून फ्रान्सकडे आलं होतं, आणि संघाचा रोखही तोच होता: हरलेल्या जर्मनीला व तिच्या मित्रराष्ट्रांना प्रवेश नाही. त्या काळी जर्मनीतलं गॉटिंगेन म्हणजे गणितज्ञांची पंढरी. ती वगळून हा जगाचा संघ!

गणितज्ञांची १९२४ची आंतरराष्ट्रीय परिषद खरं तर अमेरिकेत व्हायची. अमेरिकनांनी अंग काढून घेतल्यावर कॅनडाचे गणितज्ञ जॉन चार्ल्स फील्ड्स यांनी ती टोरांटोला भरवली. जर्मनांना तिथेही मज्जाव होता. हिशेब मिटल्यावर मात्र पैसे उरले. त्यातले २,५०० डॉलर दोन पदकांसाठी बाजूला काढायचं पुढे ठरलं. पदकाला कुठल्याही देशाचं, संस्थेचं किंवा व्यक्तीचं नाव नसावं, ही फील्ड्स यांची इच्छा. बंदीचा काळ पाहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ऑगस्ट १९३२मध्ये ते वारले. मृत्युपत्रात या निधीसाठी आणखी रक्कम ठेवून गेले. पुढच्याच महिन्यात झुरिकच्या परिषदेने पदक स्वीकारलं. लोकांनी नाव दिलं ते नेमकं त्यांचंच.

त्याच झुरिकमध्ये संघाचा कारभार गुंडाळला गेला. १९२८मध्ये बोलोन्याच्या यजमानांनी बंदी झुगारून जर्मनांना बोलावलं होतं, जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट मोठं पथक घेऊन आले होते; तिथेच संघाचं वजन संपलं होतं. त्यामुळे १९३६ साली ऑस्लोत आल्फोर्स आणि डग्लस यांना पहिली पदकं मिळाली, तेव्हा संघ अस्तित्वातच नव्हता.

आजचा संघ १९५१चा. त्याची आमसभा दर चार वर्षांनी, परिषदेच्या तोंडावर भरते. सदस्य देशांचे पाच गट असतात. गट जितका वरचा, तितकी मतं जास्त आणि वर्गणीही जास्त. पदक समितीत कोण आहे हे मात्र शेवटपर्यंत गुप्त. आधी कळतं ते फक्त अध्यक्षांचं नाव. चाळिशीच्या आतली अट १९६६पासून पक्की झाली. फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध करणाऱ्या वाइल्स यांची चाळिशी उलटलेली असल्याने १९९८मध्ये त्यांची चांदीच्या खास फलकावर बोळवण झाली. माझ्या मते हा नियमाचा अतिरेकच.

राजकारण सुटलं नाही ते नाहीच. १९७०मध्ये नोविकोव्ह आणि १९७८मध्ये मार्गुलिस यांना सोव्हिएत सरकारने पदक घ्यायला जाऊ दिलं नाही. पोलंडमधल्या लष्करी कायद्यामुळे वॉर्साची परिषद वर्षभर लांबली. २०२२ची सेंट पीटर्सबर्गची परिषद युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ऑनलाइन झाली, पदकं हेलसिंकीत दिली गेली. संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठी असलेल्या पारितोषिकावरून फिनलंडचे गणितज्ञ नेवानलिना यांचं नावही, त्यांच्या नाझीधार्जिण्या भूमिकेमुळे, उतरवलं गेलं. आता ते ॲबॅकस पदक.

गणित लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांसाठीचा लीलावती पुरस्कार २०१०च्या हैदराबाद परिषदेत सुरू झाला आणि पहिला मान सायमन सिंग यांना मिळाला. नाव भास्कराचार्यांच्या ग्रंथाचं. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. पुरस्काराचा खर्च २०१४पासून इन्फोसिस उचलते.