कोकोस बेटं आणि १९८४ चं ते मतदान

गगनयानच्या ट्रॅकिंगसाठी इस्रोनं कोकोस बेटांवर तात्पुरतं स्टेशन टाकायचं ठरवलं तेव्हापासून हे नाव आपल्याकडच्या पेपरात अधूनमधून दिसायला लागलंय, आणि दरवेळी कोणीतरी त्याची अंदमानच्या वरच्या बाजूच्या म्यानमारच्या कोको बेटांशी गल्लत करतंच. ती वेगळी. ही कोकोस (कीलिंग) म्हणजे पर्थपासून सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर वायव्येला, हिंदी महासागराच्या मधोमध, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात. सत्तावीस प्रवाळ बेटं, सगळी मिळून जमीन १४ चौरस किलोमीटर, त्यातल्या दोनच बेटांवर माणसं. २०२१ च्या जनगणनेत एकूण ५९३, म्हणजे आमच्या बेळगावात एका गल्लीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त लोक उभे असतात. वेस्ट आयलंडवर बहुतेक मुख्य भूमीवरून आलेले सरकारी नोकर वगैरे, आणि होम आयलंडवर मलय बोलणारी सुन्नी मुस्लिम वस्ती. ही नोंद त्या वस्तीबद्दल आहे.

बेटावर मुसलमान म्हटलं की आपल्याला कोकण, मलबार, लक्षद्वीप आठवतं, अरब व्यापारी आले, राहिले, लग्नं केली वगैरे. इथं तसं काही नाही ओ. १८२६ मध्ये एका इंग्रज माणसानं आपला सगळा लवाजमा घेऊन या रिकाम्या बेटावर बिऱ्हाड थाटलं, त्यात जावा, बोर्निओ, बाली आणि पार दक्षिण आफ्रिकेतल्या केपपर्यंतच्या ठिकाणांहून आणलेली माणसं होती, त्यातले बरेच गुलाम. पुढच्याच वर्षी एक स्कॉटिश कॅप्टन कुटुंबासकट आला, दोघांचं पटलं नाही, इंग्रज काही वर्षांत निघून गेला आणि बेटं कॅप्टनच्या घराण्याकडं राहिली ती दीडशे वर्षं. नारळ लावायचे, खोबरं वाळवायचं, जहाजात भरायचं, एवढाच धंदा. १८५७ ला ब्रिटननं झेंडा लावला, १८८६ ला राणीनं भरतीच्या रेषेवरची सगळी जमीन त्या घराण्याला कायमची देऊन टाकली. बेटावर तेव्हा दोन पिढ्या जन्मलेले लोक होते, त्यांचं नाव त्या कागदावर नाही. मधल्या काळातला कारभार कधी सिलोनकडं, कधी सिंगापूरकडं, त्या सगळ्या सनावळीत मी जात नाही.

पगाराचं मात्र सांगितलं पाहिजे. मजुरी रुपयात मिळायची, पण तो रुपया घराण्याचा स्वतःचा, शेवटी शेवटी तर प्लास्टिकचा टोकन, आणि तो चालायचा फक्त घराण्याच्याच दुकानात. बेट सोडून गेलेल्याला परत येऊ देत नसत. घराण्याची बाजू घेणारे म्हणतात की घर होतं, धान्य होतं, औषधपाणी होतं, कोणी उपाशी मेलं नाही. असेल की. पण मालकाच्या दुकानाबाहेर जो रुपया चालत नाही त्याला मजुरी म्हणायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. दुसऱ्या महायुद्धानंतर वस्ती फार वाढली आणि १९४८ ते १९५१ च्या आसपास मोठ्या संख्येनं लोक उत्तर बोर्निओत, म्हणजे आजच्या मलेशियातल्या सबाहमध्ये तावाऊकडं मळ्यांवर पाठवले गेले. आज कोकोसच्या मूळच्या लोकांची संख्या बेटापेक्षा तिकडंच जास्त आहे.

२३ नोव्हेंबर १९५५ ला ब्रिटननं बेटं ऑस्ट्रेलियाला देऊन टाकली. दोन पार्लमेंटांनी कायदे केले, झालं. तारीख वाचल्यावर आमच्या भागातल्या माणसाला पुढची तारीख आपोआप आठवते, कारण वर्षभरात १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तोही कोणाला न विचारता. पण तिथल्या आणि इथल्या गोष्टीत नंतर फाटा फुटतो, आणि तो फाटाच मला महत्त्वाचा वाटतो.

झालं असं की कोकोस संयुक्त राष्ट्रांच्या ‘स्वराज्य नसलेले प्रदेश’ या यादीत होतं. त्यामुळं १९७४ ला तिथं पाहणी पथक गेलं, त्यानं टोकन, दुकान, परत न येऊ देणं हे सगळं बघितलं आणि ऑस्ट्रेलियाला लाज वाटेल असं लिहिलं. मग चक्रं फिरली. १९७८ ला सरकारनं घराण्याकडून जवळजवळ सगळी बेटं ६२ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतली, फक्त त्यांचा मोठा वाडा आणि भोवतीची थोडी जमीन सोडून. १९७९ ला लोकांची कौन्सिल आली, सहकारी सोसायटी आली, गावठाणाची जमीन कौन्सिलकडं आली. आणि ६ एप्रिल १९८४ ला संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर गुप्त मतदान. तीन पर्याय होते: पूर्ण स्वतंत्र व्हायचं, कारभार आपला ठेवून ऑस्ट्रेलियाशी सैल संबंध ठेवायचा, नाहीतर ऑस्ट्रेलियात पूर्ण मिसळून जायचं.

मतदार २६१. सगळ्यांनी मत टाकलं. मिसळून जायला २२९, सैल संबंधाला २१, स्वातंत्र्याला ९, दोन मतं बाद. त्याच वर्षाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं निकाल मान्य केला आणि कोकोस त्या यादीतून निघालं.

आता यावर वाद असा की हे मतदान खरं होतं की ठरवून आणलेलं. शंका घेणारे म्हणतात की जमीन सरकारची, जहाज सरकारच्या हातात, पगार सरकारकडून यायला लागलेला, आणि समोर पर्याय काय तर स्वातंत्र्य, ५००-६०० माणसांचं, खोबऱ्यावर चालणारं. यात निवड कसली? शिवाय वाडा अजून तिथंच होता, घराण्याचा माणूस त्यात राहत होता, आणि स्वतंत्र किंवा अर्धवट स्वतंत्र झालो तर तो परत डोक्यावर बसेल ही भीती होतीच. म्हणजे लोकांनी ऑस्ट्रेलियाला मत दिलं की वाड्याविरुद्ध दिलं हे त्या आकड्यातून कळत नाही. सरकारनंही वाड्यावर जोर लावला होताच, वाडा सक्तीनं घ्यायला गेलं तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं.

हे सगळे मुद्दे मला पटतात. तरीपण मी सीमाभागातला माणूस आहे आणि मला तो २१ आणि ९ चा आकडा जास्त दिसतो. तीस जण नको म्हणाले, आणि ते नको मोजलं गेलं, कागदावर आलं, न्यूयॉर्कला गेलं. आमच्याकडं आयोग बसला, १९६७ ला अहवाल आला, अमुक गावं इकडं अमुक तिकडं असं झालं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, पण निपाणी-खानापूरच्या माणसाच्या हातात या प्रश्नाची मतपत्रिका म्हणून कधी आली नाही. त्यामुळं ‘परिस्थितीच्या दबावाखालचं मतदान’ असं कोणी तुच्छतेनं म्हटलं की माझं डोकं जरा फिरतं. दबाव सगळीकडं असतोय, मोजणी सगळीकडं नसते.

अर्थात मिसळून जाऊन नेमकं काय मिळालं ते पण बघा. नागरिकत्व मिळालं, मुख्य भूमीइतक्या राहणीमानाचं आश्वासन मिळालं, उरलेली सरकारी जमीन कौन्सिलकडं ट्रस्ट म्हणून गेली. १९८७ ला खोबऱ्याचा धंदा बंद पडला. १९९२ पासून पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचे कायदे लागू झाले, पण त्या राज्याच्या विधिमंडळासाठी या लोकांना मत नाही. आणि केंद्राच्या निवडणुकीत त्यांचं मत मोजलं जातं भलत्याच ठिकाणी, नॉर्दर्न टेरिटरीच्या मतदारसंघात. ज्यांचे कायदे पाळायचे त्यांना निवडायचं नाही, हा प्रकार २२९ जणांपैकी कोणी मागितला असेल असं वाटत नाही. घरात मात्र मलयच चालते, ईदला सगळं बेट एकमेकांच्या घरी जेवायला, आणि ६ एप्रिलला दरवर्षी सुट्टी.

अलीकडं बेटांचं महत्त्व वेगळ्याच कारणानं वाढलंय. वेस्ट आयलंडची धावपट्टी पाणबुड्या शोधणाऱ्या मोठ्या टेहळणी विमानांसाठी वाढवायचं काम निघालंय, २०२३ ला आपल्या नौदलाचं आणि हवाईदलाचं विमानही तिथं उतरून आलं. आणि त्याच वेळी होम आयलंडबद्दल सरकारसाठी तयार झालेल्या एका मसुद्यात असं आलं की समुद्र चढत गेला तर पुढं कधीतरी तिथल्या वस्तीला हलवावं लागेल. लोक चिडले, साहजिक आहे, एका बेटावर धावपट्टी लांबवायला पैसा आहे आणि शेजारच्या बेटावर माणसं राहायला नाही असा अर्थ त्यांनी काढला. आता यात अडकलेला मुद्दा जमिनीचा. ती ट्रस्टची जमीन बेटावर राहणाऱ्या कोकोस लोकांच्या भल्यासाठी म्हणून दिलेली आहे. ते तिथं राहिलेच नाहीत तर ती कोणाची, आणि हे ठरवताना १९८४ सारखी मतपत्रिका छापणार की नुसता मसुदा वाचून दाखवणार, यावर अजून कोणी स्पष्ट बोललेलं माझ्या वाचनात नाही.