स्थानिक इतिहासाचे जतन : जुनी छायाचित्रे आणि घरगुती दप्तर

लहान गावातील जुनी छायाचित्रे व घराघरांतली कागदपत्रे गोळा करून, त्यांची ओळख पटवून, नोंदी करून ती सांभाळण्याची पद्धत. सरकारी दप्तरात अशा गावाच्या वाट्याला जमीन, कर आणि जन्ममृत्यू यांच्याच नोंदी प्रामुख्याने येतात. पूल होण्यापूर्वी माणसे नदीपलीकडे कशी जात, गिरणी बंद पडल्यावर कोणती घरे गाव सोडून गेली, हे कळते ते घरच्या ट्रंकेतून. पत्रे, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, खरेदीखते, वाटणीपत्रे, शाळेचे दाखले, वंशावळी हे सारे घरगुती दप्तरात मोडते.

डागेरोटाइप ही छायाचित्रणाची पद्धत 1839 मध्ये जाहीर झाली. तिच्यात प्रती काढण्यासाठी लागणारी निगेटिव्ह नसे. प्रत्येक चित्र एकुलते एक. पुढे काचेच्या निगेटिव्हवरून कागदी प्रती निघू लागल्या आणि 1888 मध्ये कोडॅकचा गुंडाळफिल्मचा कॅमेरा आल्यावर छायाचित्रण हळूहळू हौशी लोकांच्या हाती गेले. ब्रिटनमध्ये सर बेंजामिन स्टोन यांनी 1897 मध्ये नॅशनल फोटोग्राफिक रेकॉर्ड असोसिएशन स्थापन केली. जुन्या इमारती आणि लोप पावत चाललेल्या चालीरीती पुढच्या पिढ्यांसाठी टिपून ठेवणे हा तिचा हेतू होता. 1910 पर्यंत ती चालली.

छायाचित्र आणि कागद एकमेकांवाचून अपुरे असतात. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील सॉलोमन बुचर यांनी 1886 पासून कस्टर काउंटीतील वसाहतकऱ्यांची छायाचित्रे काढली. मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरे आणि त्यांपुढे उभी राहिलेली कुटुंबे त्यांत दिसतात. छायाचित्रांबरोबर ते कुटुंबांच्या हकिकतीही लिहून घेत. 1899 मध्ये त्यांचे घर जळाले, तेव्हा हकिकती व कागदी प्रती खाक झाल्या. काचेच्या निगेटिव्ह धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. बुचर यांनी हकिकती पुन्हा जमवल्या आणि 1901 मध्ये काउंटीचा इतिहास छापून काढला. विचारायला माणसे हयात होती, म्हणूनच हे जमले. आज बहुतेक गावांत नेमकी हीच मुदत संपत आली आहे. त्यामुळे स्कॅनरची जुळवाजुळव करत बसण्यापेक्षा आधी वडीलधाऱ्यांसमोर अल्बम उघडावा. स्कॅन पुढच्या वर्षीही करता येईल, नावे सांगणारे माणूस पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

नावे लिहिताना रांग सांगून डावीकडून उजवीकडे लिहावीत. ओळख पटली नाही तर जागा मोकळी ठेवावी, अंदाजाने भरू नये. दोन माणसांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहून, कोणी व कधी सांगितले तेही नोंदवावे. जुन्या नोंदींत बायका पुष्कळदा ‘अमक्याची पत्नी’ एवढ्याच उरतात. त्यांचे स्वतःचे आणि माहेरचे नाव मुद्दाम विचारावे. बोलणे ध्वनिमुद्रित केले तर जास्त मिळते, कारण एका चेहऱ्यावरून माणसे शेजारच्या घराची, दुष्काळाची, भांडणाची हकिकत सांगू लागतात.

चित्राचा काळ ठरवताना चेहऱ्यांपेक्षा मागचा भाग बोलका असतो. विजेचे खांब, दुकानाची पाटी, रस्त्याचा पृष्ठभाग, वाहनाची घडण, पुठ्ठ्यावर छापलेले स्टुडिओचे नाव यांवरून काळाची एक मर्यादा सापडते. मग खरेदीखत किंवा हिशेबाची वही काढून ती पडताळायची. स्टुडिओतल्या चित्रात जपून चालावे लागते : मागचा बंगला पडद्यावर रंगवलेला असतो आणि अंगावरचा कोट कधीकधी स्टुडिओचाच असतो. निगेटिव्ह उलट छापली गेली असेल तर पाटीवरची अक्षरे उलटी दिसतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू बदलतात. ऐपत असलेल्यांचीच चित्रे जास्त निघाली, हेही विसरू नये. मजूर आणि गरीब घरे शोधायची तर मिरवणुकीच्या, पुराच्या किंवा बांधकामाच्या चित्रांच्या कडेला नजर टाकावी.

अल्बम सुटा करण्यापूर्वी प्रत्येक पान जसेच्या तसे टिपून घ्यावे. चित्रांचा क्रम आणि शेजार हाही पुरावाच आहे. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद कालांतराने चित्राला धरून बसतो. असे चित्र ओढून काढू नये, पान तसेच स्कॅन करावे. कागदी चित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. सेलोटेप, रबरबँड, टाचण्या आणि लॅमिनेशन टाळावे. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजतो आहे असे समजून ती इतरांपासून वेगळी ठेवावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, ती तज्ज्ञांकडेच द्यावी.

भिजलेली चित्रे गठ्ठ्यातच वाळू दिली तर एकमेकांना कायमची चिकटतात. जपानमधील यामामोतो या किनाऱ्यावरच्या लहान नगरात 2011 च्या त्सुनामीनंतर ढिगाऱ्यातून सुमारे 7,50,000 छायाचित्रे सापडली. स्वयंसेवकांनी ती धुतली, वाळवली, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि ओळख पटेल तशी कुटुंबांना परत दिली. घरे वाहून गेलेल्यांनी ही चित्रे शोधत यावे, यातच त्यांचे मोल दिसते.

लहान चित्रांसाठी 600 डीपीआय (दर इंचाला 600 ठिपके), टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणारा फाइलप्रकार) आणि दोन्ही बाजूंचे स्कॅन हा पुरेसा नियम आहे. मागचा मजकूर, शिक्का किंवा तारीख निसटू देऊ नये. फाइलच्या नावात क्रमांक असावा आणि तोच क्रमांक मूळ चित्राच्या पाकिटावर. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या गावी, अशी विभागणी करतात. डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ चित्र टाकून देणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक ठरते.

चित्र घरात आहे म्हणून त्याचा स्वामित्वहक्क घराकडे असतोच असे नाही. तो छायाचित्रकाराकडे असू शकतो आणि त्याची मुदत देशोदेशी वेगळी असते. हयात माणसांची पत्रे, दत्तकविधान, आजारपण, वाटणीचे तंटे यांबाबत घरच्यांची संमती घ्यावी. ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला दप्तर देताना लेखी करार करावा. काय लगेच खुले होईल, काय किती वर्षे बंद राहील, प्रती कोणाला मिळतील आणि संस्था बंद पडली तर मूळ वस्तू कोणाकडे परत जातील, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.