शस्त्राधिकार आणि अमेरिकेतील राज्ये

अमेरिकी संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क फक्त केंद्र सरकारला बांधतो, की राज्यांना आणि नगरपालिकांनाही, हा जुना घटनात्मक वाद. सर्वोच्च न्यायालयाने ‘मॅक्डोनाल्ड विरुद्ध शिकागो शहर’ या खटल्यात २८ जून २०१० रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकालात काढला : हा हक्क राज्यांवर व स्थानिक संस्थांवरही बंधनकारक आहे.

भारतीय वाचकाला मुळात असा प्रश्न का पडावा, याचेच नवल वाटेल. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १२ मध्ये ‘राज्य’ या शब्दात केंद्र, राज्ये आणि स्थानिक प्राधिकरणे सगळीच येतात, त्यामुळे मूलभूत हक्क महापालिकेलाही मोडता येत नाहीत. अमेरिकेत १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्या नव्या केंद्र सरकारला लगाम घालण्यासाठी होत्या. बाल्टिमोर शहराच्या कामांमुळे गाळ साचून एका धक्कामालकाकडे जहाजे लागेनाशी झाली. त्याने भरपाई मागितली, तेव्हा १८३३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी हे हक्क शहराविरुद्ध चालत नाहीत असे सांगितले.

यादवी युद्धानंतर या प्रश्नाला रक्ताचा डाग लागला. गुलामीतून सुटलेल्यांनी परवान्याशिवाय बंदूक ठेवू नये, असा कायदा मिसिसिपीने १८६५ मध्ये केला. अशाच जुलमांना आळा घालणारी चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये आली. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणत्याही राज्याने कुणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावू नये, असे तिने बजावले. तरीही १८७३ च्या ईस्टरला लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्या सशस्त्र जमावाने अनेक कृष्णवर्णीयांना ठार केले. कित्येकांना तर शरण आल्यावर. १८७६ च्या ‘क्रुइकशँक’ निकालाने आरोपींवरील दोषसिद्धी टिकू दिली नाही आणि दुसरी दुरुस्ती केवळ केंद्रालाच बांधते, असे ठरवले. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज होती, त्यांनाच न्यायालयाने उघड्यावर सोडले.

विसाव्या शतकात भाषण, झडती, वकिलाची मदत असे एकेक हक्क चौदाव्या दुरुस्तीच्या वाटेने राज्यांना लागू झाले. शस्त्राधिकार मागेच राहिला. २००८ च्या ‘हेलर’ निकालाने तो वैयक्तिक हक्क मानला खरा. पण तो खटला वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील शहराचा होता.

ओटिस मॅक्डोनाल्ड हे शिकागोतील सत्तरी ओलांडलेले निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ. घर अनेकदा फोडले गेलेले. शॉटगन होत्या, पण घरात पटकन हाताशी येईल असे पिस्तूल त्यांना हवे होते. शहराने १९८२ पासून पिस्तुलांची नोंदणीच थांबवली होती आणि नोंदणीवाचून पिस्तूल बाळगणे गुन्हा होता. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो यांनी चौदाव्या दुरुस्तीतील रीतसर प्रक्रियेच्या कलमाचा आधार घेतला. न्यायमूर्ती थॉमस त्याच निष्कर्षाला त्याच दुरुस्तीतील नागरिकत्वाच्या विशेषाधिकारांच्या कलमाच्या वाटेने पोहोचले. त्यांचे मत मुळातून वाचावे, कारण कोलफॅक्सच्या मृतांची आठवण त्यात आहे. स्टीव्हन्स आणि ब्रायर यांची भिन्नमतेही वजनदार आहेत : बंदुकीचा धोका गावोगावी वेगळा, म्हणून निर्णय तिथल्या लोकांकडे असावा.

हक्क लागू झाला, तरी गुन्हेगारांवरील बंदी किंवा शाळा व सरकारी इमारतींतील मनाई २०१० च्या निकालाने हलवली नाही. २०२२ मध्ये मात्र घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी ‘विशेष कारण’ मागणारी न्यूयॉर्कची अट ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द झाली. तेव्हापासून राज्याच्या वा शहराच्या प्रत्येक निर्बंधाला देशाच्या जुन्या परंपरेत आधार आहे का, हे न्यायाधीश अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कायदे चाळून ठरवतात.